दीड महिन्याचा हॅमस्टर रात्रभर पिंजऱ्याच्या तारा कुरतडतो, काय करावं?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि स्वयंपाक तसाच ठेवून लिहायला बसले, कारण दोन वर्षांपूर्वी मी अगदी याच जागी होते. तुम्ही लिहिलंय की अमळनेरला राहता, मुलीसाठी सोनेरी हॅमस्टरचं, म्हणजे त्या उंदरासारख्या पाळीव प्राण्याचं, दीड महिन्याचं पिल्लू आणलं, दुकानदाराने दिलेला दीड फुटी तारेचा पिंजरा आहे, पिल्लू रात्री अकरापासून पहाटेपर्यंत तारा चावतं, कोपऱ्यात नखं घासत बसतं, हात घातला की पळतं, उन्हाळा तोंडावर आलाय, आणि त्याला एकटं वाटत असेल तर दुसरं आणू का. मी जळगावची, आणि आत्ता घरात आहे ती माझी दुसरी हॅमस्टर, शेंगी.

पहिली गोष्ट, ते पिल्लू द्वाड नाही आणि भुकेलंही नाही. त्याला जमिनीत जायचंय आणि जमीनच नाहीये. हे प्राणी मुळात सीरिया आणि तुर्कस्तानच्या सीमेवरच्या शेतांतले, १९३० साली अलेप्पोजवळच्या शेतातून इस्राएल अहारोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने एक मादी आणि तिची पिल्लं खणून काढली आणि आज घरोघरी दिसणारे सोनेरी हॅमस्टर जवळजवळ सगळे त्याच कुटुंबाचे वंशज आहेत. नंतर तिथल्या रानातली बिळं मोजली गेली तेव्हा ती ३६ ते १०६ सेंटीमीटर खोल निघाली, आणि एका बिळात एकच मोठा हॅमस्टर. म्हणजे बघा, ज्याचं घर हातभर खोल जमिनीत असायला पाहिजे त्याला आपण प्लास्टिकच्या तळावर दोन बोटं भुसा टाकून ठेवतो. स्वित्झर्लंडमध्ये याचा प्रयोगही झालाय, २००६ साली छापून आला, काही हॅमस्टरांना १० सेंटीमीटर बेडिंग, म्हणजे तळाला पसरायचा मऊ थर, दिलं, काहींना ४० आणि काहींना ८०, तर १० वाले तारा जास्त चावत होते. मी हे वाचलं तेव्हा मला रडू आलं कारण माझी पहिली, बोंडी, पूर्ण आयुष्य तारा चावत राहिली आणि मी तिला चावायला लाकडाचे तुकडे देत राहिले.

बोंडीचं सांगतेच. तिचा पिंजरा वरच्या मजल्यावर होता, स्लॅबखाली, मे महिना. आम्ही दुपारी भुसावळला लग्नाला गेलो, खिडकी उघडी, पंखा चालू ठेवला, मागे लाईट गेली. पाच वाजता आलो तर ती आडवी पडलेली, तोंडाभोवती लाळेने ओलं, श्वास फास्ट चाललेला. मी घाबरून तिच्यावर फ्रिजचं पाणी टाकलं. तसं करू नका, कधीच नाही, एकदम गार पाण्याने शरीराला धक्का बसतो. गार खोलीत न्यायचं, साध्या पाण्याने कान आणि पाय ओले करायचे, शुद्धीवर असेल तर तोंडाशी पाण्याचा थेंब धरायचा, आणि लगेच डॉक्टर. बोंडी त्या रात्री गेली. मुलगी आठ दिवस नीट जेवली नाही.

म्हणून पिंजरा कुठे ठेवायचा याचं उत्तर सगळ्यात कळकळीने देते. हॅमस्टरला १८ ते २६ डिग्री बरं वाटतं, ३० च्या पुढे त्रास सुरू होतो, आणि आपल्याकडे मे मध्ये ४४-४५ म्हणजे नवल नाही. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही त्यामुळे नुसता पंखा लावून काहीच होत नाही, गरम हवाच गरगरते. खालचा मजला, घरातली मधली खोली, जिथे उन्हाची तिरीपसुद्धा येत नाही ती जागा. गावाकडे धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर असेल तर तुम्ही नशीबवान, त्याहून चांगली खोली नाही. पत्र्याखाली अजिबात नको. कूलर खोलीत चालू द्या पण त्याचा झोत सरळ पिंजऱ्यावर नको, बेडिंग दमट होतं आणि बुरशी धरते. शहाबादी फरशीचा वीतभर तुकडा घेऊन आत ठेवा, असे दोन तुकडे असले की एक फ्रिजमध्ये एक आत अशी अदलाबदल करता येते. पाण्याची बाटली बर्फ करून, फडक्यात गुंडाळून, पिंजऱ्याच्या बाहेरून टेकवून ठेवायची, आत नाही. आणि सगळ्यात भारी उपाय मला आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) बाजारात सापडला, मातीची लहान घागर! घागरी भरायच्या म्हणून मी घ्यायला गेले होते, एक जास्तीची बिनरंगाची घेतली, स्वच्छ धुवून वाळवली आणि बेडिंगमध्ये आडवी पुरली. शेंगी भर दुपारी त्यातच झोपते. तोंड मात्र अडीच इंचांपेक्षा लहान नको, गालात दाणे भरून आत जाताना अडकायला होतं.

आता घर. सोनेरी हॅमस्टरला कमीत कमी १०० बाय ५० सेंटीमीटर सलग जमीन पाहिजे, म्हणजे सव्वातीन फूट लांब आणि पावणेदोन फुटाला थोडी कमी रुंद. मजले-मजले आणि नळ्या-नळ्या वाले पिंजरे दिसतात छान पण ती जमीन धरत नाहीत, वरून पडलं तर पाय मोडतो कारण यांना दूरचं नीट दिसतच नाही, उंचीचा अंदाज नसतो. आमच्याकडे जुन्या टीव्हीचं शोकेस पडून होतं, चार फूट बाय पावणेदोन फूट. सुताराला सांगितलं की पुढच्या बाजूला खालून सव्वा फूट काच बसव म्हणजे बेडिंग बाहेर येणार नाही आणि आत काय चाललंय ते दिसेल, त्याच्यावर आणि छताला पाव इंची जाळी. सुतार दोनदा विचारून गेला, वहिनी नक्की उंदरासाठीच ना. हवा खेळली पाहिजे हे महत्त्वाचं, चारी बाजूंनी बंद पेटी आपल्या हवेत भट्टी होते. आतून ऑइलपेंट वगैरे लावू नका, कुरतडतात. शोकेस नसेल तर साडेतीन-चार फुटी जुनी माशांची टाकी चालते, झाकण जाळीचं करायचं. खाली पाय असतील तर पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्या चढत नाहीत. मुंग्यांचा खडू तिथे आसपाससुद्धा ओढू नका, ते विषच आहे.

बेडिंग कमीत कमी वीतभर, जमलं तर एका बाजूला फूटभर. मी कागदाचं बेडिंग आणते, मध्ये मध्ये सुक्या मऊ गवताचा थर देते आणि प्रत्येक थर हाताने दाबते, नाहीतर बीळ ढासळतं. वखारीतला भुसा नको, धूळ असते, देवदार-पाइनचा असेल तर त्याचा वास फुफ्फुसांना वाईट, प्लायवूडचा असेल तर डिंक-केमिकल. आणि कापूस! हे मोठ्याने सांगते कारण आपल्या खान्देशात घरोघरी कापूस, आणि बोंडीच्या वेळी दुकानदारानेच मूठभर दिला होता, थंडीत ऊब मिळेल म्हणून. त्याचे तंतू तिच्या मागच्या पायाला असे गुरफटले की पाय सुजून निळा पडला, मी नखं कापायच्या कात्रीने अर्धा तास एकेक धागा सोडवला. पोटात गेला तर आतडं बंद होतं. घरट्यासाठी बिनवासाचा साधा टिश्यू पेपर लांब पट्ट्या करून टाका, पिल्लू स्वतः गालात भरून नेईल, ते बघायला मुलीला बसवा.

चाक २८ सेंटीमीटरच्या आसपासचं आणि धावायची जागा सलग. तुमच्या पिंजऱ्यासोबत आलेलं चाक बहुतेक पाच-सहा इंची असणार, त्यात पाठीचा कणा वाकवून पळावं लागतं, आणि तारांच्या पायऱ्या असतील तर पाय अडकतो. आत्ता पिल्लू लहान आहे म्हणून बसतं, दोन महिन्यांत बसणार नाही, एकदाच मोठं घ्या.

एका कोपऱ्यात रेतीचा डबा. हॅमस्टर पाण्याने कधी आंघोळ घालायचा नाही, तो रेतीत लोळून अंग साफ करतो आणि पुष्कळदा लघवीला तीच जागा धरतो म्हणजे तुमचंही काम कमी. मी गिरणा नदीची रेती आणली, चाळली, पाणी नितळ होईपर्यंत धुतली, उन्हात वाळवून जुन्या कढईत भाजली. बारीक पावडर नको, ती श्वासात जाते.

खाण्याचं फार अवघड नाही. ज्वारी, बाजरी, गहू, ओट्स, जवस, तीळ, दिवसाला एक चमचाभर आणि सूर्यफूल-शेंगदाणा एखाददुसराच, बिनमिठाचा. वाटीत देऊ नका, बेडिंगवर विखरून टाका म्हणजे शोधत फिरेल. घरच्या शेतातलं फवारणी न केलेलं बाजरीचं कणीस उभं खोचून द्या, शेंगी एक कणीस रात्रभर सोलते आणि त्या रात्री दुसरं काही सुचत नाही तिला. आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा नखाएवढा तुकडा. केळं आपल्याकडे घरात असतंच, पण गोड आणि चिकट, गालात चिकटून बसतं, देऊ नका म्हणते मी, दिलंच तर मोठं झाल्यावर दाण्याएवढं. कांदा, लसूण, लिंबू-संत्रं, कच्चा बटाटा, वांग्या-टोमॅटोची पानं, चॉकलेट नाही. पिल्लू आहे तोवर काकडी-कोथिंबीर पण अगदी थोडी, आणि खाणं एकदम बदलू नका.

कारण या वयात एक आजार फार वाईट असतो, शेपटीखाली ओलं होणं. पातळ जुलाब, घाण वास, पिल्लू कुबड काढून बसतं, जागा बदलली, आईपासून तुटलं, घाबरलं की होतो आणि दोन-तीन दिवसांत जीव जातो. दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असते, त्यामुळे आजच, सगळं नीट असताना, फोन करून विचारून ठेवा की ससे-पांढरे उंदीर तपासणारे डॉक्टर जवळ कोण आहेत. घरातली अँटिबायोटिकची गोळी चुरून देऊ नका, अमॉक्सिसिलिन जातीची औषधं हॅमस्टरच्या आतड्यातले चांगले जंतू मारतात आणि त्यानेच तो मरू शकतो.

म्हणूनच घर बदलताना घाई नको. नवीन घर आधी पूर्ण तयार करा, मग जुन्या पिंजऱ्यातलं घरट्याचं सामान आणि साठवलेले दाणे जसेच्या तसे उचलून नव्यात ठेवा, त्याला स्वतःचा वास आला पाहिजे. संध्याकाळी, ते आपणहून उठल्यावर सोडा आणि दोन-तीन दिवस कोणी हात लावायचा नाही. नंतर पण सगळं बेडिंग एकदम बदलू नका, ओला कोपरा तेवढा काढायचा. आमच्या सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, हाऊ उंदीर काब्र लई उना रे (हा उंदीर कशाला घेऊन आलास रे), आमच्या ह्यांना, आणि आता रोज संध्याकाळी त्याच काचेसमोर पाट टाकून बसतात, बीळ आज कुठवर गेलं ते मला सांगतात. हातावर यायला शेंगीला तीन आठवडे लागले, मी रोज रात्री तळहातावर एक सूर्यफूल ठेवून हात तसाच आत ठेवायचे, बस. दिवसा झोपेतून उठवलं तर चावणारच, ती चूक आपली.

थंडीचं एक. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा ८-९ वर येतो तेव्हा कधी पिल्लू एकदम गार, कडक, निपचित दिसतं. लगेच मेलं समजून पुरायला नेऊ नका, गारठ्याने काही वेळा ते तसं सुन्न होतं, हातात धरून हळूहळू ऊब द्या आणि मिशा-श्वास बघत राहा.

आणि दुसरं आणायचं म्हणाल तर नका आणू. सोनेरी हॅमस्टर एकटाच राहतो, त्याला एकटं वाटत नाही. सहा-आठ आठवड्यांनंतर सख्खी भावंडंसुद्धा रक्त निघेपर्यंत भांडतात, दुकानात एकत्र दिसतात ती लहान असतात म्हणून. पण याच्यावरून एक आठवलं, तुमचं पिल्लू नर आहे का मादी ते बघितलंय का? चार-पाच आठवड्यांची मादीसुद्धा गाभण राहू शकते आणि दुकानात सगळी एकत्रच असतात. मादी असेल आणि पोट दोन्हीकडून फुगल्यासारखं दिसत असेल तर आत्ता घर हलवू नका, आहे त्याच पिंजऱ्यात भरपूर टिश्यू आणि थोडं जास्त खाणं द्या. सोनेरी हॅमस्टरची मादी १६ दिवसांत विते. आणल्या दिवसापासून तेवढे दिवस मोजा, काही झालं नाही तर मग सुताराला बोलवा.