विकतच्या डीव्हीडीचं कुलूप

प्रश्न : भाच्याने माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, टाकून दिलं. बाकी सगळं चालतं, पण बहिणीने न्यू जर्सीहून पाठवलेल्या बॅलेच्या डीव्हीडी काही लागत नाहीत. तापकीर गल्लीत एका दुकानात विचारलं, तर म्हणाले, "लिनक्सवर डीव्हीडी बघणं बेकायदा आहे. आठशे रुपयांत विंडोज टाकून देतो." डीव्हीडी विकतच्या आहेत हो! खरंच बेकायदा आहे का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, आधी ते आठशे रुपये पर्समध्ये परत ठेवा. आठशेत रीतसर परवान्याचं विंडोज येत नाही. म्हणजे कायद्याची भीती तुम्हाला, आणि चोरीचा मालही तुमच्याच गळ्यात!

आता कुलपाचं. विकतच्या बहुतेक डीव्हीडींवरचा मजकूर सांकेतिक केलेला असतो. तो उलगडण्याच्या किल्ल्या डीव्हीडी कॉपी कंट्रोल असोसिएशन ही संस्था प्लेअर बनवणाऱ्यांना देते; अट अशी, की त्या गुप्त ठेवायच्या. लिनक्ससारख्या ज्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिखाण, कुणीही उघडून वाचावं, त्यात गुपित लपवणार कुठे? मग १९९९ मध्ये योहान्सन नावाच्या पंधरा वर्षांच्या नॉर्वेजियन मुलाने कुलूप उघडणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर टाकला. त्याच्यावर खटला झाला, आणि स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी बघायचा त्याला हक्क आहे म्हणून २००३ मध्ये तो सुटला.

अमेरिकेत मात्र १९९८ च्या डीएमसीए कायद्याने असं साधन वाटणंच बेकायदा ठरवलं आहे, मग वापरणारा चोर असो की तुमच्यासारखी बॅलेवेडी. म्हणून जगभर वाटल्या जाणाऱ्या लिनक्समध्ये 'लिबडीव्हीडीसीएसएस' ही कुलूप उघडणारी लायब्ररी (इतर प्रोग्रॅमनी वापरायचा तयार कोड) आधीपासून घातलेली नसते. गंमत बघा, ती बनवली फ्रान्सच्या व्हिडिओलॅनवाल्यांनी, आणि त्यांच्या विंडोजवरच्या व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ती आतच असते. दुकानदार ज्याला कायदेशीर म्हणतो, त्या विंडोजवरही बऱ्याचदा हीच लायब्ररी डीव्हीडी उघडत असते.

आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. सगळा भार 'हेतू'वर आहे. स्वतःची डीव्हीडी घरी बसून बघण्यात कसला हक्कभंग? प्रती काढून सोसायटीत वाटल्यात तर गोष्ट वेगळी. याच कलमात आणखी एक नमुना आहे : दुसऱ्याला कुलूप उघडून देणाऱ्याने त्या दुसऱ्याचं नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवायची. तापकीर गल्लीत अशी वही कुणी ठेवत असेल, तर मला बघायला आवडेल.

तेव्हा भाच्याला 'लिबडीव्हीडी-पीकेजी' हे पॅकेज टाकायला सांगा. ते व्हिडिओलॅनकडून कोड उतरवून तुमच्याच लॅपटॉपवर लायब्ररी तयार करतं. शेवटी टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एक कमांड द्यावी लागते. ती इन्स्टॉल होताना पडद्यावरच दिसते.

एक सावधगिरी. डीव्हीडी जगाच्या ठरावीक विभागातच चालाव्यात अशाही बांधलेल्या असतात : अमेरिकेतल्या विभाग १ च्या, आपल्या विभाग ५ च्या. या लायब्ररीने बहुतेक वेळा ती अडचणही सुटते. पण भाचा उत्साहाच्या भरात ड्राइव्हचा विभागच बदलायला निघाला, तर त्याला थांबवा. तो बदल फक्त पाचदा करता येतो. नंतर ड्राइव्ह शेवटच्या विभागावर कायमचा अडकतो.