वाचकांचे प्रश्न : डब्ल्यूपी, डब्ल्यूएल की एक्सबी?

प्रश्न : घरातील जुन्या अल्बममध्ये ब्रॉडगेजवरील वाफेच्या इंजिनाचे एक कृष्णधवल छायाचित्र सापडले. ते बाजूने घेतलेले असून इंजिनाचे तोंड पाणी भरण्याच्या खांबाआड गेले आहे. दोन लहान चाके, त्यामागे तीन मोठी आणि शेवटी एक लहान, अशी चाके स्पष्ट दिसतात. क्रमांक मात्र वाचता येत नाही. माझे काका हे डब्ल्यूपी असल्याचे सांगतात, तर रेल्वेत नोकरी केलेले त्यांचे मित्र डब्ल्यूएल किंवा एक्सबी असावे असे म्हणतात. खात्री कशी करावी?

उत्तर : आपण चाके मोजून कळवलीत, त्यामुळे निम्मे काम झाले आहे. दोन्ही बाजूंची चाके धरली की ही मांडणी ४-६-२ अशी होते. डब्ल्यूजी हे मालगाड्यांचे इंजिन २-८-२ मांडणीचे असल्याने ते लगेच बाद ठरते. डब्ल्यूपी म्हटले की सगळ्यांना टोकदार नाक आणि त्यावरचा तारा आठवतो. पण नाक, तारा आणि कडेची झालर हे सारे पत्र्याचे काम आहे, ते काढता येते आणि सजावट तर प्रत्येक शेडची आपापली असे. म्हणून ओळख पटवताना नजर आधी चाकांकडे न्यावी, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या छायाचित्रात एक मोजमाप करता येईल. मोठ्या चाकांना जोडणारा आडवा दांडा प्रत्येक चाकावर ज्या खिळीवर बसतो, त्या खिळीचे चाकाच्या मध्यापासूनचे अंतर हे दट्ट्याच्या धावेच्या, म्हणजे सिलिंडरमधला दट्ट्या एका फेरीत जितका सरकतो त्या अंतराच्या, बरोबर निम्मे असते. डब्ल्यूपी, डब्ल्यूएल आणि एक्सबी या तिन्हींची धाव २८ इंच, म्हणजे ७११ मिलिमीटर आहे. त्यामुळे खिळीचे अंतर तिन्हींत सारखेच, साधारण ३५६ मिलिमीटर येते. चाकाचा व्यास मात्र सारखा नाही. डब्ल्यूपी आणि डब्ल्यूएलचे मोठे चाक ५ फूट ७ इंच, म्हणजे १७०२ मिलिमीटर, तर एक्सबीचे ६ फूट २ इंच, म्हणजे १८८० मिलिमीटर व्यासाचे असते. छायाचित्र मोठे करून घ्यावे, चाकाच्या मध्यापासून खिळीच्या मध्यातून थेट कडेपर्यंत एकच सरळ रेष ओढावी आणि चाकाची त्रिज्या खिळीच्या अंतराच्या किती पट भरते ते पाहावे. सुमारे २.४ पट आली तर इंजिन डब्ल्यूपी किंवा डब्ल्यूएल, आणि २.६ पटीच्या पुढे गेली तर एक्सबी किंवा त्याचे थोरले भावंड एक्ससी. दोन्ही मापे एकाच रेषेवर घेण्याला कारण आहे : छायाचित्र थोडे तिरके असले, तरी दोन्ही मापे सारख्याच प्रमाणात आखडतात आणि गुणोत्तर टिकून राहते. कड मोजताना चाकाच्या आतल्या बाजूचा उंच कंगोरा चुकून धरू नये. तो बाहेरच्या कडेमागे थोडा वर डोकावतो. झिजलेल्या चाकाचे माप किंचित कमी भरेल, पण त्या फरकाने निकाल फिरत नाही.

एक्सए हे हलके इंजिन मात्र या कसोटीला चकवते. तेही ४-६-२ मांडणीचेच. त्याचे चाक ५ फूट दीड इंचाचे असले तरी दट्ट्याची धावही २६ इंचांचीच आहे, त्यामुळे गुणोत्तर जवळजवळ डब्ल्यूपीइतकेच येते. अशा वेळी इंजिनाशेजारी उभ्या असलेल्या माणसाशी चाकाची उंची ताडून पाहावी. डब्ल्यूपीचे चाक साधारण १७० सेंटिमीटर, म्हणजे सर्वसाधारण माणसाच्या डोक्याइतके उंच असते, एक्सएचे सुमारे १५६ सेंटिमीटर.

एक्स मालिकेतील इंजिने १९२० च्या दशकात आली. १७ जुलै १९३७ रोजी बिहारमधील बिहटा येथे एक्सबी इंजिनाची गाडी रुळांवरून घसरून शंभराहून अधिक प्रवासी दगावले. वेगात ही इंजिने आडवी हेलकावतात, हा प्रश्न त्यानंतर चौकशी समितीपुढे गेला आणि पुढच्या इंजिनांच्या आखणीत तो धडा उपयोगी पडला. पहिली १६ डब्ल्यूपी इंजिने १९४७ मध्ये अमेरिकेतील बाल्डविन कंपनीने बांधली. हा इतिहास ठाऊक असला की, एक्स आणि डब्ल्यू या दोन मालिकांमधील चाकांचा फरक नुसता आकड्यांचा राहत नाही.

आता उरले डब्ल्यूपी आणि डब्ल्यूएल. इथे चाके काहीच सांगणार नाहीत, कारण ती सारखीच आहेत. झडपा चालवणारी वालशार्ट पद्धतीची यंत्रणाही दोन्हींवर आहे. डब्ल्यूएल हे हलक्या रुळांसाठी केलेले इंजिन असल्याने त्याच्या प्रत्येक आसावर सुमारे १७ टन भार येतो, डब्ल्यूपीच्या आसावर साडेअठरा टन. त्याचा बॉयलर त्यामानाने सडपातळ दिसतो आणि इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या धूरपेटीचा दरवाजा साधा, गोल व नाकाविना असतो. नेमका तोच भाग आपल्या छायाचित्रात झाकलेला आहे, म्हणून छायाचित्राचे साल शोधावे. १९३९ मध्ये ब्रिटनमधील वल्कन फाउंड्रीने बांधलेली पहिली ४ डब्ल्यूएल इंजिने फाळणीपूर्वीच्या, मुख्यतः आजच्या पाकिस्तानात असलेल्या वायव्य रेल्वेकडे गेली होती. फाळणीनंतरच्या भारतात १९५५ मध्ये त्याच कारखान्याकडून १० आणि १९६६ ते १९६८ या काळात चित्तरंजनच्या कारखान्यातून ९४ इंजिने आली. डब्ल्यूपी मात्र एकूण ७५५ बांधली गेली. छायाचित्र स्वातंत्र्यानंतरचे पण १९५५ च्या आधीचे असेल, तर काकांचे म्हणणे ग्राह्य धरावे. त्यानंतरचे असेल, तरी निव्वळ संख्येच्या बळावर कल त्यांच्याच बाजूने जातो. पण तो पुरावा म्हणता येणार नाही. अल्बममध्ये त्याच दिवशीचे दुसरे एखादे छायाचित्र असल्यास टेंडरवरचा, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावरचा, क्रमांक जरूर तपासावा. डब्ल्यूएलचे क्रमांक १५ हजारांच्या घरातले असतात. जपून ठेवलेले 'शेर-ए-पंजाब' हे इंजिन १५००५ क्रमांकाचे आहे, तर 'अकबर' हे डब्ल्यूपी ७१६१ क्रमांकाचे.

प्रश्न : मीटरगेजवरील वायपी आणि वायजी मला सारखीच दिसतात. दुरून ओळखण्याची खूण कोणती?

उत्तर : सिलिंडरच्या आसपास पाहावे. वायपीला सिलिंडरपाशी एका बाजूने दोन लहान चाके आणि त्यामागे तीन मोठी चाके दिसतात. वायजीला पुढे एकच लहान चाक आणि मागे चार मोठी चाके ओळीने खेटून असतात. वायपीचे मोठे चाक १३७२ मिलिमीटरचे, वायजीचे १२१९ मिलिमीटरचे. वायएल त्याहून लहान : मांडणी २-६-२ आणि चाक १०९२ मिलिमीटर.

प्रश्न : एडब्ल्यूडी आणि सीडब्ल्यूडी यांच्यात फरक काय?

उत्तर : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आलेली ही दोन्ही इंजिने २-८-२ मांडणीची आणि मुळात एकाच आराखड्यावर बेतलेली आहेत. पहिले अक्षर देश सांगते : 'ए' म्हणजे अमेरिका, 'सी' म्हणजे कॅनडा. त्यामुळे दुरून ओळखण्याचा हट्ट सोडावा आणि कारखान्याची पाटी शाबूत असेल तर ती वाचावी.