सगळेच नमुने तडकले तर

"मॅडम, यादीत माझंच नाव का? मी कुठे कमी पडलो?" नोकरकपातीनंतर माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येकजण हेच विचारतो. संशोधन केंद्रातल्या माणसांना हा प्रश्न जास्त छळतो. त्यांचं काम हीच त्यांची ओळख झालेली असते.

हे गृहस्थ (तपशील बदलले आहेत) सिरॅमिकवर काम करायचे. चौदा वर्षं एकच प्रयोगशाळा. आता बसून जुनी मूल्यांकनं उकरत होते, स्वतःची चूक शोधायला. धीराचे शब्द वाया जात होते. मग एकदा त्यांच्याच भाषेत विचारलं, "भट्टीतून सगळेच नमुने तडकलेले निघाले, तर काय कराल?"

"भट्टी तपासेन. तापमान, थंड करण्याचा वेग."

"एकेका नमुन्यात दोष नाही शोधणार?"

ते गप्प. मीही. अशा वेळी समुपदेशकाला बोलायची घाई झाली, की हाताशी आलेलं निसटतं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आमचा अख्खा मजला गेला हो."

पटलं तरी राग लगेच निवत नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या, मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात नोकरी गेलेल्या इंजिनियरांनी सलग ५ दिवस, रोज २० मिनिटं, त्याबद्दल मनात येईल ते लिहिलं. त्यांना इतरांपेक्षा लवकर नोकऱ्या मिळाल्या. गंमत म्हणजे त्यांनी मुलाखती काही जास्त दिल्या नव्हत्या. माझ्या मते राग कागदावर सांडला, तो मुलाखतीत सांडायचा राहिला.

मीही हेच करायला सांगते. खाडाखोड नको, कुणाला पाठवणं तर नकोच. बहुतेकांचं लिखाण तिसऱ्या दिवशी तक्रारअर्ज होतं. तेव्हा 'मला सगळ्यात लागलं ते...' इथून पुन्हा सुरुवात करावी. लिहून झोपच उडाली तर थांबावं. जगणं नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.

मुलाखतीत 'का सोडलं?' याला तीन वाक्यं पुरतात: विभाग बंद झाला, तिथे मी हे केलं, आता हे करायचंय. साहेबांचं नाव निघालं की उत्तर लांबतं. प्रयोगाच्या वह्या कंपनीच्या, त्या मागे ठेवायच्या. पेटंटची मालकीही कंपनीची, पण प्रसिद्ध झालेल्या पेटंटवर संशोधक म्हणून नाव आपलंच असतं. ते खुशाल सांगावं.

या सिरॅमिकवाल्या गृहस्थांचं सरावातलं पहिलं उत्तर चार मिनिटं चाललं. पाचव्या खेपेला तीस सेकंदांत संपलं आणि पुढे ते आपणहून भट्टीबद्दल बोलू लागले.