कॉम्प्युटरची घरघर, हजार रुपयांच्या आत

उन्हाळा तापायला लागला की आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत एकच तक्रार वाढते: डेस्कटॉप फार आवाज करतो. यात नवल नाही. कॅबिनेटच्या आतलं तापमान खोलीच्या तापमानावर उभं असतं. खोली आठ अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच तापतो आणि जानेवारीत मुकाट फिरणारा पंखा मे महिन्यात ओरडायला लागतो. या वेळचे सगळे प्रश्न ठाणे आणि नवी मुंबईतले आहेत.

सगळ्यांसाठी एक काम, फुकटातलं. रात्री छताचा पंखा बंद करा, कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झाकणी काढा, वर्तमानपत्राची घट्ट नळी करून एक टोक कानाला लावा आणि दुसरं टोक एकेका पंख्याजवळ न्या, चिकटवू नका. आवाज नेमका कुठून येतो ते दोन मिनिटांत कळतं. हे न करता दुकानात गेलात तर दुकानदार जे सांगेल ते घेऊन याल.

प्रश्न: कासारवडवलीला राहतो. पाच वर्षांपूर्वी असेंबल केलेला आय-फाइव्ह पीसी आहे, प्रोसेसरबरोबर आलेलाच पंखा. खिडकीखाली रस्ता आणि मेट्रोचं काम. हल्ली नुसता ब्राउझर उघडला तरी पीसी घोंघावतो. दुकानदार म्हणतो लिक्विड कूलिंग बसवा, नाहीतर सहा पंख्यांचं कॅबिनेट घ्या. माझं बजेट हजार रुपये.

दोन्ही घेऊ नका. प्रोसेसर तोच, काम जवळपास तेच, मग पंखा आताच का ओरडतो? उष्णता बाहेर पडायची वाट बुजलीय म्हणून. मदरबोर्ड तापमान बघून पंखा पळवतो, त्याला धूळ दिसत नाही.

प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा असतो, तोच हीटसिंक. घोडबंदर रोडच्या धुळीत पाच वर्षं काढलेल्या पीसीत त्या पात्यांच्या तोंडावर राखाडी थर जमलेला असतो, नखाने सोलून काढावा इतका जाड. वरून ब्लोअर मारला तर बाजूची धूळ उडते, हा थर तसाच राहतो. हीटसिंक खाली उतरवून, पंखा वेगळा करूनच तो साफ होतो. मेन स्विच बंद करा, सगळ्या वायरी काढा, पीसी गॅलरीत न्या (घरात केलंत तर नंतर मला दोष देऊ नका). ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. तो वाऱ्याने भन्नाट फिरला तर बेअरिंगची वाट लागते.

इंटेलच्या सोबत येणाऱ्या हीटसिंकला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. बाणाच्या दिशेने पाव वळसा फिरवून वर ओढल्या की सुटतात. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली उष्णता वाहून नेणारी लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, जुनी झाली की वाळून खडूसारखी झालेली असेल. केमिस्टकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, त्यात कापड भिजवून ती पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी, बरोबर मध्ये. फासत बसायची गरज नाही, दाबाने पसरते. परत बसवताना समोरासमोरच्या खुंट्या दाबा, तिरप्या जोडीने, म्हणजे दाब सारखा पडतो. मग मदरबोर्डच्या मागून बघा, चारही खुंट्या आरपार आल्यात का. एक जरी अर्धवट राहिली तर हीटसिंक एका बाजूला उचललेला राहतो, आणि माझ्या मते ‘साफ केला तरी आवाज आहेच’ असं लिहिणाऱ्या निम्म्या लोकांची गोम इथेच असते.

ज्यांचा प्रोसेसर एएमडीचा, एएम-फोर सॉकेटवाला (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) आहे त्यांनी थांबा. आधी पीसी दहा-पंधरा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून हीटसिंक हलकेच डावीउजवीकडे फिरवा आणि नंतरच उचला. सरळ ओढलात तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून हीटसिंकला चिकटून वर येतो आणि पिना वाकतात.

आता तापमान बघा. एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम फुकट आहे. बहुतेक इंटेल प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःचा वेग कमी करतात. साफसफाईआधी जोराच्या कामात ९५ च्या पुढे जात असेल आणि नंतर ७५-८० वर थांबत असेल, तर काम झालं.

शेवटी बायोस, म्हणजे मदरबोर्डची स्वतःची सेटिंग्ज. असुसच्या बोर्डात क्यू-फॅन, गिगाबाइट आणि एमएसआयच्या बोर्डात स्मार्ट फॅन अशा नावाने पंख्याचा आलेख असतो: किती तापमानाला किती वेग. ५५ अंशांपर्यंत पंखा ३० ते ३५ टक्क्यांवर ठेवा, तिथून ७५ पर्यंत चढता, ८५ ला पूर्ण. पेस्ट, अल्कोहोल मिळून खर्च हजाराच्या बराच खाली राहतो. ब्लोअर सोसायटीत कुणाकडे तरी असतोच. एवढं करूनही भागलं नाही तरच १२० मिलिमीटर पंख्याचा उभा टॉवर कूलर, पण ते पुढच्या पगाराला.

प्रश्न: ऐरोलीहून लिहितेय. घरून काम करते, दिवसभर कॉल. ऑफिसच्या लोकांना माझ्यामागे गिरणी चालू आहे असं वाटतं. आवाज सारखा नसतो, एकदम वाढतो, एकदम उतरतो. कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलच्या कप्प्यात आहे.

ताई, तो कप्पाच गुन्हेगार असण्याची शक्यता जास्त आहे. आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलांना कॅबिनेटसाठी तीन बाजूंनी बंद खोकं असतं आणि मागे प्लाय. कॅबिनेट मागून गरम हवा सोडतं, ती प्लायवर आपटते आणि फिरून पुढून परत आत जाते. एक संध्याकाळ कॅबिनेट बाहेर काढून मोकळ्यावर ठेवून काम करून बघा. आवाज उतरला तर सुताराला बोलावून मागची फळी काढून घ्या किंवा कॅबिनेट कायमचं बाहेर, एखाद्या बुटक्या स्टुलावर. थेट फरशीवर नको. झाडू मारताना उडणारी सगळी धूळ खालचा पंखा ओढतो, आणि तुम्ही तळमजल्यावर असाल तर पावसाळ्याचं वेगळं सांगायला नको.

चढउतार वेगळ्या कारणाने होतो. आजचे प्रोसेसर एखादी फाइल उघडताना क्षणभर दहा-पंधरा अंश उसळतात आणि परत खाली येतात. पंखा त्या प्रत्येक उसळीमागे धावतो. बायोसमध्ये पंख्याच्याच पानावर ‘स्टेप अप टाइम’ किंवा तशा नावाचा पर्याय असतो, म्हणजे तापमान वाढल्यावर पंख्याने किती सेकंदांनी दखल घ्यायची. तो वाढवा. दुसरा उपाय विंडोजमधला: पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, तिथे ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० चं ९९ करा. प्रोसेसरची टर्बो धाव (गरज पडली की नेहमीपेक्षा जोरात पळणं) बंद होते, उष्णता घटते. एक्सेल आणि व्हिडिओ कॉलमध्ये फरक जाणवणार नाही. व्हिडिओ एडिटिंग करत असाल तर जाणवेल, तेव्हा परत १०० करा.

प्रश्न: सर, मी कोपरखैरणेला राहतो, बारावीत आहे. वाढदिवसाच्या पैशांतून तीन आरजीबी (रंगीत दिव्यांचे) पंखे घेतले. तापमान कमी झालं पण आवाज आधीपेक्षा वाढला. पप्पा म्हणतात काढून टाक. वाया गेले का पैसे?

नाही गेले. काढू नकोस, आधी ते कुठे जोडलेत ते बघ. स्वस्त पंख्यांबरोबर बहुधा मोलेक्सची (थेट पॉवर सप्लायला जोडायची) वायर किंवा एक छोटा हब आणि रिमोट येतो. मोलेक्सवर पंख्याला थेट १२ व्होल्ट मिळतात, म्हणजे तो सदैव पूर्ण वेगात. मदरबोर्डला त्याचा पत्ताही नसतो. रिमोट असेल तर वेगाचं बटण सापडतंय का बघ, बरेच जण फक्त रंग बदलत बसतात.

पंख्याची वायर तीन पिनांची असेल तर ती मदरबोर्डच्या चार पिनांच्या जागेत बसते, पण तिथे बायोसमध्ये ‘पीडब्ल्यूएम’ (चौथ्या पिनेवरच्या इशाऱ्याने वेग ठरवणं) निवडलेलं असेल तरीही पंखा पूर्ण वेगातच फिरतो. तीन पिनांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज कमी करूनच उतरतो. तिथे ‘डीसी’ निवड. चार पिना असतील तर पीडब्ल्यूएम बरोबर. तिन्ही पंखे एका जागेवर जोडायचे तर स्प्लिटर लागतो, आणि मदरबोर्डची एक जागा सहसा १ अँपिअरपर्यंतच देते. पंख्याच्या मागच्या स्टिकरवर अँपिअर छापलेले असतात, तिघांची बेरीज करून बघ.

आता गणित, तू बारावीत आहेस म्हणून. वारा वेगाच्या प्रमाणात असतो: वेग निम्मा, वारा निम्मा. आवाज मात्र फार वेगाने पडतो. पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरले तरी कानाला तो जवळपास अर्धा वाटतो. उलट बाजूने, सारखे तीन पंखे एकाऐवजी लावले तर आवाज फक्त ५ डेसिबलच्या आसपास वाढतो. म्हणजे तीन पंखे निम्म्या वेगाने फिरव: एका पूर्ण वेगातल्या पंख्यापेक्षा वारा दीडपट आणि आवाज दहा डेसिबलने कमी. प्रत्यक्षात जाळ्या आणि वायरी थोडं बिघडवतात, पण दिशा हीच. हे पप्पांना करून दाखव, सांगू नकोस.

आणि पुढे काचेचं बंद झाकण असेल तर ते एक दिवस काढून चालव. आवाज आणि तापमान दोन्ही उतरले, तर पंखे हवेसाठी तडफडत होते.

प्रश्न: नौपाड्यात राहतो, निवृत्त आहे. थंडीत सकाळी पीसी सुरू केला की खरखर होते, कॅबिनेटला टपली मारली की थांबते. एकाने सांगितलं पंख्यात खोबरेल तेल सोडा.

काका, खोबरेल नको. ते २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं, ठाण्यातली डिसेंबरची पहाट त्याला पुरते. शिवाय कालांतराने चिकट होतं आणि पंखा पूर्ण अडकतो. गंज सोडवायचा स्प्रेही नको, तो आतलं उरलंसुरलं वंगण धुऊन नेतो.

हा आवाज वाऱ्याचा नाही, झिजलेल्या बेअरिंगचा आहे. पंखा काढून मधला स्टिकर अलगद उचला, खाली रबराची छोटी बूच असेल तर तीही, आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा. जास्त नको, स्टिकर मग चिकटत नाही. काही महिने शांततेचे मिळतील. तेवढ्यात नवा पंखा आणून ठेवा, साधा काळा, बिनदिव्याचा १२० मिलिमीटरचा काही शे रुपयांत मिळतो. तुमचा पंखा कॅबिनेटच्या छताला आडवा बसवलेला असेल तर स्वस्त स्लीव्ह बेअरिंग तिथे लवकर झिजतं, म्हणून तिथे बॉल किंवा फ्लुइड बेअरिंगचा घ्या.

प्रश्न: नेरुळ. सगळे पंखे हळू केले, तरी एक जाड गुणगुण उरलीच आहे. टेबलावर हात ठेवला तर जाणवते.

हार्ड डिस्क. ७२०० आरपीएमची तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते, तीच थरथर पत्र्यात आणि तिथून लाकडात उतरते. डिस्कच्या स्क्रूखाली रबराचे वॉशर घाला, कॅबिनेटखाली दाट फोमचे चार तुकडे. विंडोज अजून त्याच डिस्कवर असेल तर छोटी एसएसडी (न फिरणारी, चिपवरची डिस्क) घ्या आणि जुनी डिस्क फक्त फोटो-सिनेमांसाठी ठेवून वापर नसताना थांबायला लावा. या यादीतला पैसे खर्चून सगळ्यात जास्त सुख देणारा बदल हाच.

प्रश्न: खारघर. गेम सुरू केला की ग्राफिक्स कार्ड भणभणतं, आणि मेनूच्या पडद्यावर तर बारीक शिट्टी येते.

भणभण पंख्याची, शिट्टी पंख्याची नाही. कार्डावरच्या कॉइल विजेच्या झटक्यांनी थरथरतात, त्याचा तो आवाज. मेनूत काम कमी असल्याने कार्ड सेकंदाला शेकडो फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रं, काढत सुटतं. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर फ्रेमची मर्यादा ६० वर बांधा, शिट्टी बहुतेक जाईल आणि भणभणही उतरेल. एमएसआय आफ्टरबर्नर हा फुकट प्रोग्राम कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतो. त्यात पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणून बघा. गेम किंचित हळू होतो, कार्ड बरंच गार.

प्रश्न: कळव्याहून. नळी लावून ऐकलं, आवाज एसएमपीएसमधून (पॉवर सप्लायच्या डब्यातून) येतो. उघडून पंखा बदलू का? यूट्यूबवर सोपं वाटतं.

नाही. २३० व्होल्टची वीज आत डीसी झाल्यावर कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. वॉरंटी असेल तर बदलून घ्या, नसेल तर नवा घ्या. या कामात बजेट बघू नका.

प्रश्न: रबाळे एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. बिलिंगचा पीसी दर दोन महिन्यांनी धुळीने भरतो. जाळी लावली तर पंखा आणखी ओरडेल का?

जाळी बारीक असेल तर हो. स्पंज नको, तो हवा अडवतो. मच्छरदाणीची नायलॉनची जाळी एकेरी, हवा आत घेणाऱ्या पंख्यासमोर जरा ताणून बसवा, पंख्याला चिकटून नको. बोटभर अंतर राहिलं तर सळसळ कमी होते. आत घेणारे पंखे दोन आणि बाहेर टाकणारा एक ठेवा, म्हणजे आतला दाब किंचित जास्त राहतो आणि फटींतून धूळ शिरत नाही. पीसी ग्राइंडरपासून लांब आणि कमरेच्या उंचीवर असू द्या, लोखंडाचा कीस मदरबोर्डवर पडला तर आवाजाची चिंताच मिटेल. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. खाडीकाठच्या हवेत पावसाळ्यात ती लवकर वाळत नाही, आणि ओली लावायची नाही, म्हणून दोन कापून ठेवा.