गेमिंग लॅपटॉपला थर्मल पेस्टऐवजी लिक्विड मेटल लावावं का?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप तीन वर्षांचा आहे, गेम सुरू केला की प्रोसेसर ९७ अंशांवर जातो, आणि व्हिडिओ बघून चिप आणि तिला थंड करणारा धातूचा भाग (हीटसिंक) यांच्यामधल्या पेस्टच्या जागी लावायला लिक्विड मेटलची सिरिंज मागवायच्या बेतात आहात. मागवू नका.

मी लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी बंद पडलेला लॅपटॉप घेऊन आला होता. पाच महिन्यांपूर्वी त्याने स्वतःच लिक्विड मेटल लावलं होतं. सुरुवातीला तापमान छान उतरलं होतं, म्हणून तो खुशीत होता. पण लॅपटॉप रोज सॅकमध्ये उभा, आणि सॅक बाइकवर. हीटसिंक उचलला तर ग्राफिक्स चिपच्या कडेला मोहरीपेक्षाही लहान, चकचकीत थेंब दिसला. तो थेट कपॅसिटरच्या, म्हणजे चिपशेजारच्या बारीक विजेच्या सुट्या भागांच्या, रांगेत जाऊन बसला होता. बोर्ड शॉर्ट. दोन दिवस खपलो, वाचवता आला नाही. त्याचा प्रोजेक्ट त्यातच होता. एसएसडी काढून डेटा तेवढा परत मिळाला.

हे का होतं ते सांगतो. लिक्विड मेटल म्हणजे गॅलियम, इंडियम आणि कथील यांचं मिश्रण. नुसतं गॅलियम सुमारे ३० अंशांना वितळतं, पण या दोघांच्या संगतीत ते थंडीतसुद्धा पातळच राहतं. चांगल्या पेस्टची उष्णता वाहण्याची क्षमता कंपन्या ८ ते १२ सांगतात, याची ७० च्या वर. त्यामुळे मोह होणं साहजिक आहे. पण ही धातू आहे, वीजही तितक्याच सहज वाहून नेते. डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर निदान धातूचं झाकण असतं. लॅपटॉपमध्ये चिप उघडी आणि तिच्या अवतीभोवती हे बारीक कपॅसिटर. लोक त्यांच्यावर नेलपॉलिश लावतात. त्याने धोका कमी होतो, पण थेंब आणखी पुढे घरंगळला तर तिथे नेलपॉलिश नसतं.

दुसरा शत्रू ॲल्युमिनियम. गॅलियम त्याच्या कणाकणांमधल्या सीमांत शिरतं आणि धातू बोटाने मोडावी इतकी ठिसूळ होते. विमानातून गॅलियम न्यायला कडक नियम आहेत ते याच कारणाने. तुमच्या हीटसिंकची प्लेट ॲल्युमिनियमची असेल तर विषयच संपला. तांब्याची असेल तरी तांबं हळूहळू गॅलियम शोषून घेतं, थर कोरडा पडतो आणि काही महिन्यांत तापमान पुन्हा चढतं. प्लेटवर आणि चिपवर राखाडी डाग राहतात. ते बघितले की वॉरंटीवाला हात वर करतो.

मग कंपन्या कशा लावतात? असुसने २०२० पासून आपल्या अनेक गेमिंग लॅपटॉपमध्ये लिक्विड मेटल वापरलंय, हे खरं. पण तिथे यंत्र मोजून थर देतं आणि चिपभोवती फोमचं कुंपण असतं. प्लेस्टेशन ५ मध्येही आहे, पण तो सहसा एका जागी बसून असतो. घरी तुमच्या हातात कापसाची काडी असणार.

तुमच्या ९७ अंशांबद्दल. इंटेलचे बहुतेक लॅपटॉप प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करतात, त्यामुळे आज लगेच काही जळत नाही. आधी लॅपटॉप उघडून फॅन आणि जाळीतली धूळ काढा. तीन वर्षांत तिथे नमद्यासारखा थर बसलेला असतो, आणि पुष्कळदा खरा दोषी तोच निघतो. मग जुनी पेस्ट पुसून हनीवेलचं पीटीएम७९५० लावा. हा पातळ पॅड ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन फटी भरतो. वीज वाहत नाही, घरंगळत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. फक्त खात्रीच्या दुकानातून घ्या, नकली बरेच फिरतात.

आणि हे उत्तर वाचेपर्यंत लावून झालं असेल आणि लॅपटॉप अचानक बंद पडला, तर पॉवरचं बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. चार्जर काढा, लॅपटॉप आडवाच ठेवून दुकानात न्या, आणि उघडण्याआधीच सांगा की आत लिक्विड मेटल आहे. आम्हाला कळलं नाही तर आम्ही तो नेहमीसारखा उलटा करून उघडतो, आणि राहिलेलं मेटलही बोर्डभर पसरतं.