मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये सबफॉर्म (फॉर्मच्या आत बसवलेला फॉर्म) रिकामा असला की मुख्य फॉर्मवर एकूण रकमेच्या जागी ‘#एरर’ येतो. उपाय काय?

बेरीज थेट मागवू नका. आधी सबफॉर्ममधली रेकॉर्ड मोजा आणि एकही नसेल तर ० दाखवा. मुख्य फॉर्मवरच्या टेक्स्टबॉक्सच्या कंट्रोल सोर्समध्ये (खान्यात काय दाखवायचे ते ठरवणाऱ्या प्रॉपर्टीत) असे लिहा (अर्थात रोमन लिपीत):

=आयइफ([सबबिल].[फॉर्म].[रेकॉर्डसेट].[रेकॉर्डकाउंट]>०, [सबबिल].[फॉर्म]![टोटल], ०)

सबफॉर्मच्या फूटरमधल्या (तळच्या भागातल्या) ‘सम’लाही, म्हणजे बेरीज करणाऱ्या [टोटल] खान्यालाही, रेकॉर्ड मोजणारी अशीच अट लावा, कारण एक गणिती खाना अडला की ॲक्सेस बाकीचेही अर्धवट सोडतो.

बरेच जण नुसते ‘एनझेड’ हे फंक्शन लावून बघतात. ते नलचे (रिकाम्या किमतीचे) शून्य करते, पण सबफॉर्ममध्ये रेकॉर्ड नाही आणि ‘अलाऊ ॲडिशन्स’ (नवीन ओळ भरू देणारी प्रॉपर्टी) ही ‘नो’ आहे, तर डिटेल भाग, म्हणजे रेकॉर्ड दिसण्याची जागा, कोराच राहतो. तिथे नलसुद्धा नसते. नवीन ओळ भरायची मुभा असेल तर मात्र ‘एनझेड’ पुरते. [सबबिल] म्हणजे मुख्य फॉर्मवरच्या सबफॉर्म कंट्रोलचे नाव, आतल्या फॉर्मचे नव्हे. हे दोन्ही वेगळे असतील आणि तुम्ही आतले लिहिलेत तर ‘#नेम?’ दिसेल. फॉर्मऐवजी रिपोर्ट आणि त्यात सबरिपोर्ट असेल तर रेकॉर्डकाउंटऐवजी [रिपोर्ट].[हॅजडेटा] तपासा.