बोललं की जाहिरात येते? माइकच्या आधी मोबाइल नंबराकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जेवताना वॉटर प्युरिफायरचा विषय निघाला, तुम्ही स्वतः काहीच शोधलं नव्हतं, तरी संध्याकाळपासून प्युरिफायरच्याच जाहिराती दिसायला लागल्या. फोन ऐकतो का, इन्कॉग्निटोचा (ब्राउझरच्या खासगी खिडकीचा) उपयोग का झाला नाही आणि व्हीपीएनचं, म्हणजे आपलं नेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवणाऱ्या सेवेचं, वर्षभराचं पॅकेज घ्यावं का?

पॅकेजचे पैसे तूर्त वाचवा. आधी माइकचं बघू. अँड्रॉइड १२ पासून एखादं ॲप माइक किंवा कॅमेरा वापरत असेल तर स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी डॅशबोर्ड उघडला की गेल्या २४ तासांत माइक, कॅमेरा आणि लोकेशन कोणी कधी वापरलं याची वेळेसकट यादी मिळते. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये सतरा हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप तपासली. चोरून आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही, काही ॲप स्क्रीनचं चित्रण मात्र बाहेर पाठवत होती. म्हणजे ऐकणं अशक्य आहे असं नव्हे, पण ऐकायची गरजच पडू नये इतकी माहिती आयती मिळते.

तुमच्या बाबतीत दोन शक्यता जास्त पटतात. एक, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी त्याच वाय-फायवर प्युरिफायर शोधला असेल. एका राउटरवरचे सगळे फोन बाहेरच्या जगाला सहसा एकाच आयपी पत्त्यावर (नेट कनेक्शनच्या ओळख क्रमांकावर) दिसतात, त्यामुळे जाहिरातवाले ते सगळे एका घरातले धरतात. दुसरी शक्यता म्हणजे तुमचा मोबाइल नंबर, आणि आपल्याकडे खरी गळती तिथेच आहे.

दुकानात बिल करताना नंबर दिला की तो ग्राहकांच्या यादीत जातो. दुकानाची साखळी ती यादी फेसबुक किंवा गूगलच्या जाहिरात विभागात चढवते. नंबर उघडा जात नाही, आधी त्याचा एसएचए-२५६ पद्धतीने हॅश काढतात, म्हणजे त्या नंबरावरून अक्षर-अंकांची एक लांबलचक ओळ तयार होते. तुम्ही खातं उघडताना दिलेल्या नंबराचाही तसाच हॅश काढता येतो. एकाच नंबराचा हॅश कुठेही काढला तरी तोच येतो, त्यामुळे दोन्ही ओळी जुळल्या की तुम्ही सापडलात. कुकी (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखखूण) पुसा, ब्राउझर बदला, नवा फोन घ्या, ही जोडी तुटत नाही.

‘आम्ही फक्त हॅश केलेली माहिती देतो’ हे वाक्य प्रायव्हसी पॉलिसीत दिसलं तर निर्धास्त होऊ नका. आपला मोबाइल नंबर दहा अंकी आणि पहिला अंक ६ ते ९, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. गेमिंगच्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड तेवढ्या सगळ्या नंबरांचे हॅश काही मिनिटांत काढतं. मग हॅशवरून मूळ नंबर शोधणं म्हणजे निव्वळ यादीत बघणं. लांब पासवर्डला हॅशमुळे जे संरक्षण मिळतं ते मोबाइल नंबराला मिळत नाही.

म्हणून पहिलं काम काउंटरवर करायचं. ‘नंबर नको, कागदी बिल द्या’ एवढं सांगायचं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच किरकोळ विक्रेत्यांना कळवलंय की बिलासाठी नंबराची सक्ती करू नये. कॅशियर ‘सिस्टीम पुढे जात नाही’ म्हणाला तर मॅनेजरला बोलवायला सांगा, बहुतेक ठिकाणी बिल निघतं.

ऑनलाइन खरेदी आणि डिलिव्हरीला नंबर लागतोच. त्यासाठी वेगळं सिम ठेवा आणि ते ड्युअल सिम फोनच्या दुसऱ्या खाचेत टाका. मात्र त्यावर बँक, आधार किंवा मुख्य ईमेल जोडू नका. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर सिम बंद होऊ शकतं आणि तोच नंबर पुढे दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो, मग तुमचे ओटीपीही त्याच्याकडे जातील. यूपीआयचंही बघा. बऱ्याच ॲपमध्ये आपला यूपीआय आयडी म्हणजे मोबाइल नंबरच असतो आणि पैसे घेणाऱ्याला तो दिसू शकतो. काही ॲपमध्ये नंबर नसलेला आयडी बनवता येतो, तो बनवून मुख्य करून टाका.

ईमेलचं गणित तसंच. जीमेलमध्ये नावापुढे अधिकचं चिन्ह लावून वेगळा पत्ता करण्याची युक्ती माहिती कोणी विकली हे ओळखायला बरी, पण तो वाढीव भाग काढून मूळ पत्ता मिळवणं एका ओळीच्या प्रोग्रामचं काम आहे. लपायचं असेल तर फायरफॉक्स रिले किंवा डकडकगोचा मुखवटा पत्ता घ्या, त्यावर आलेली मेल तुमच्या खऱ्या पत्त्यावर येते. दोन्ही फुकट आहेत, फायरफॉक्सवर फुकटात पाच पत्ते मिळतात.

आता फोन. सेटिंग्ज, गूगल, ॲड्स असं जा आणि ‘डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी’ दाबा. हा आयडी म्हणजे जाहिरातींसाठी तुमच्या फोनला दिलेला ओळख क्रमांक. नव्या फोनवर मध्ये ‘ऑल सर्व्हिसेस’ लागतं, सापडलं नाही तर सेटिंग्जच्या शोधचौकटीत ‘ॲड्स’ टाइप करा. शेजारीच ‘रीसेट’ असतं, पण त्याने नुसता नवा आयडी मिळतो. डिलीट केल्यावर आयडी मागणाऱ्या ॲपला फक्त शून्यं मिळतात. एखाद्या ॲपने जुना आयडी आणि तुमचा नंबर आधीच एकत्र नोंदवला असेल तर ती नोंद यानेही पुसली जात नाही, म्हणून नंबराचं काम आधी सांगितलं. आयफोनवर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, ट्रॅकिंग इथे जाऊन ‘अलाउ ॲप्स टू रिक्वेस्ट टू ट्रॅक’ बंद करा.

शाओमी, रेडमी आणि पोको फोनमध्ये कंपनीची स्वतःची ‘एमएसए’ नावाची जाहिरात सेवा असते. पासवर्ड्स अँड सिक्युरिटीमध्ये ‘ऑथोरायझेशन अँड रिव्होकेशन’ इथे ती सापडते. बंद करायला गेलं की दहा सेकंद थांबावं लागतं आणि तरीही ‘रिव्होक करता आलं नाही’ असा संदेश येतो. बिघाड समजून सोडून देऊ नका. नेट चालू ठेवून पुन्हा पुन्हा करा, तीन-चार प्रयत्नांत होतं.

परवानग्या तपासताना लोकेशनपेक्षा कॉन्टॅक्ट्स आधी बघा. एका माणसाने परवानगी दिली की त्याच्या फोनबुकातल्या शेकडो जणांचे नंबर नावासकट जातात, आणि त्यांना कोणी विचारलेलं नसतं. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपनी याच यादीवरून नातेवाइकांना फोन करून लोकांचा छळ केला. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ पासून कर्जाच्या ॲपला कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग आणि फाइल्स बघायला मनाई केली आहे. मागितले तर ते ॲप काढून टाका. हवामान, डिलिव्हरी वगैरेंना लोकेशन देताना ‘प्रिसाइज’ बंद ठेवा, डिलिव्हरीचा पत्ता हाताने लिहा.

यानंतर सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट म्हणजे प्रायव्हेट डीएनएस. साइटच्या नावावरून तिचा नेटवरचा पत्ता सांगणारी सेवा म्हणजे डीएनएस. अँड्रॉइड ९ पासून ही सोय आहे आणि वेगळं ॲप लागत नाही. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, प्रायव्हेट डीएनएस इथे ‘होस्टनेम’ निवडा आणि इंग्रजी अक्षरांत डीएनएस डॉट ॲडगार्ड-डीएनएस डॉट कॉम असं भरा. पुढे-मागे एचटीटीपीएस किंवा तिरपी रेघ नको, नाहीतर सेव्ह होणार नाही. आता कुठलंही ॲप ओळखीच्या ट्रॅकरचा, म्हणजे तुमचा माग काढणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता विचारायला गेलं की त्याला पत्ताच मिळत नाही. तुम्ही कोणती साइट उघडता हे मात्र त्या डीएनएस कंपनीला दिसतं, ते पटत असेल तरच लावा.

याने काय अडतं तेही आधीच माहीत असू दे. स्टेशन, हॉटेल, विमानतळ इथल्या वाय-फायचं लॉगिन पान बऱ्याचदा उघडत नाही. होस्टनेम भरल्यावर त्या सर्व्हरपर्यंत पोहोचता आलं नाही तर फोन दुसरा मार्ग शोधत नाही, नेट सरळ बंद पडतं. अशा वेळी सेटिंग ‘ऑटोमॅटिक’वर न्या, लॉगिन करा, मग परत होस्टनेम लावा. कूपन आणि कॅशबॅकच्या लिंकही ट्रॅकरच्या पत्त्यावरून फिरून जात असल्याने बंद पडतात. यूट्यूब आणि इन्स्टाग्राममधल्या जाहिराती थांबत नाहीत, कारण त्या मूळ मजकुराच्याच सर्व्हरवरून येतात. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर हे लावणार असाल तर बंद कसं करायचं ते कागदावर लिहून द्या.

ब्राउझरसाठी अँड्रॉइडवर फायरफॉक्स घ्या आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाका. क्रोमच्या मोबाइल आवृत्तीत एक्स्टेन्शन चालत नाहीत. सफारी २०२० पासून आणि फायरफॉक्स २०२२ पासून दुसऱ्या साइटच्या कुकींना मुळातच लगाम घालतात. क्रोमनेही तसं जाहीर केलं होतं, पण २०२४ मध्ये गूगलने तो बेत सोडला. क्रोमच वापरायचं असेल तर साइट सेटिंग्जमध्ये ‘थर्ड-पार्टी कुकीज’ स्वतः बंद करा. एक्स्टेन्शनचा ढीग मात्र लावू नका, जितकी वेगळी मांडणी तितका तुमचा ब्राउझर गर्दीत उठून दिसतो.

इन्कॉग्निटो फक्त तुमच्या फोनवरची हिस्ट्री आणि कुकी पुसतं. समोरच्या साइटला तुमचा आयपी दिसतोच, आणि त्यात लॉगिन केलं तर विषयच संपला. याच मुद्द्यावर अमेरिकेत २०२० साली दावा झाला आणि २०२४ मध्ये तडजोडीत गूगलने अशा जुन्या नोंदी पुसायचं कबूल केलं.

व्हीपीएनने आयपी पत्ता बदलतो. आत लॉगिन केलेलं खातं, कुकी आणि नंबर तेच राहतात. शिवाय आधी नेट कंपनीला जे दिसत होतं ते आता व्हीपीएन कंपनीला दिसतं. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार भारतात व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची आहे, त्यामुळे काही मोठ्या कंपन्यांनी इथले सर्व्हरच हलवले. फुकट व्हीपीएन तर अजिबात नको.

खात्यांमधल्या दोन गोष्टी राहिल्या. गूगलमध्ये ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’ बंद करा, निदान ऑटो-डिलीट तीन महिन्यांवर आणा. फेसबुकच्या अकाउंट्स सेंटरमध्ये ‘युअर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज’ उघडा. तुमची माहिती पाठवणाऱ्या दुकानांची आणि ॲपची नावं तिथे दिसतील. प्युरिफायर विकणारं कोणी त्यात आहे का ते आधी बघून घ्या, मग जुनं पुसा आणि पुढचंही तोडा.

यादीत एखादं दुकान सापडलंच तर त्याच्या प्रायव्हसी पॉलिसीत तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या २०११ च्या नियमांत त्याने महिन्याभरात तक्रार निकाली काढावी असं आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि माहिती पुसून मागण्याचा हक्क त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतोय, पण मागणी आजही करता येते. नंबर, बिलाची तारीख आणि ‘माझी माहिती पुसा व जाहिरात कंपन्यांना दिलेल्या यादीतूनही काढा’ एवढं लिहा. दुकानात जो ईमेल दिला होता त्याच पत्त्यावरून पाठवा, नाहीतर ओळख पटवण्यासाठी आणखी कागद मागतात. तरीही मागितलेच तर पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार द्या, पूर्ण आधार पाठवू नका.